थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, साबांचा मार्गशीर्ष आणि ऑरलँडोची तिकिटं

उन्हाळी_झाड
नमस्कार मंडळी, फार दिवसांनी धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

तर झालंय असं की यंदा साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत आणि नवऱ्याने उत्साहाच्या भरात थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इथल्या आभाराच्या सणाच्या, सुट्टीत सगळ्यांची ऑरलँडोची, म्हणजे डिस्नेच्या पार्कांची, तिकिटं काढून टाकली, मला न विचारता, म्हणजे विचारलं होतं पण मी डिशवॉशर लावत होते आणि नुसतं हं म्हटलं होतं. बुधवारी जायचं, रविवारी परत. काल साबांनी कालनिर्णय काढलं आणि चष्मा वर करून म्हणाल्या, अगं बुधवारी २६ ला चंपाषष्ठी आहे आणि २७ ला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. झालं. साबा लग्न झाल्यापासून मार्गशीर्षाचे गुरुवार करतात, घट मांडायचा, दिवसभर उपास, संध्याकाळी नैवेद्य दाखवून सोडायचा. "तुम्ही जा हो, मी घरी राहीन" असंही म्हणून झालं, ज्याचा अर्थ काय असतो ते इथल्या सुनांना सांगायला नको.

दुसरीकडे लेक, वय नऊ. तिला टर्की खायचीय, इथे त्या सणाला भाजतात तो मोठा पक्षी. आमच्याकडे थँक्सगिव्हिंगला दरवर्षी पावभाजी असते, का ते विचारू नका, इथे आलो त्या पहिल्या वर्षी दुकानं बंद आणि घरात बटाटे-फ्लॉवर एवढंच होतं, तेव्हापासून तीच प्रथा पडली. गेल्या वर्षी शाळेत "तुमच्या घरचं थँक्सगिव्हिंगचं टेबल" असं चित्र काढायला दिलं होतं तर पोरीने भलीमोठी टर्की काढली, मधोमध, वाफा येतायत वगैरे. मी विचारलं पावभाजी कुठाय, तर म्हणाली पाव काढलेत ना बाजूला. मला जरा लागलंच ते. नवरा बाहेर चिकन खातो, मी नाही, साबा-साबु अंडंही नाही, आणि मार्गशीर्षात तर घरात विषयच नाही.

प्रश्न असे: (१) पार्कात घरचं खाणं नेऊ देतात का (२) उपासाचं काय न्यावं जे दिवसभर टिकेल (३) हॉटेलात घट कसा मांडू (४) लेकीच्या टर्कीचं काय करू. क्रमांक ४ वर भांडू नका प्लीज.

चहाटळ_बाई
"नुसतं हं म्हटलं होतं" 😂 माझं अख्खं घर असंच विकत घेतलं गेलंय.

१ चं उत्तर: डिस्नेत घरचं खाणं चालतं. काचेची बरणी नको, दारू नको, सुटा बर्फ नको (जेलवाले आइसपॅक चालतात), तिथे गरम करावं लागेल असं काही नको. आणि नियमात उग्र वासाचं नको असंही आहे, तेव्हा लसणाची चटणी घरीच ठेव बाई. प्यायला पाणी विकत घेऊ नकोस, जिथे फाउंटन सोडा मिळतो त्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट देतात, फक्त मागावं लागतं. सगळ्या पार्कांचे नियम सारखे नसतात हां, युनिव्हर्सलला (ते तिथलंच दुसरं पार्क) जाणार असाल तर त्यांचं वेगळं वाचून घे.

विमानात सुकं काहीही ने. दही, लोणचं, चटणी, तूप हे सगळं त्यांच्या लेखी लिक्विड, १०० मिलिच्या वर असेल तर हातातल्या बॅगेतून काढून फेकतात. माझ्या आईची कैरीच्या लोणच्याची बाटली एका विमानतळावर गेली, ती अजून त्या पोराला शिव्या देते.

कोकणी_फणस
उपासाला राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी, भाजलेले दाणे, खजूर, केळी. साबुदाणा खिचडी नेऊ नका, थंड झाली की गोळा होतो आणि रांगेत उभं राहून तो खाववत नाही. बाकीच्यांसाठी दशम्या करा, दुधात भिजवलेल्या दोन दिवस मऊ राहतात. चंपाषष्ठीचं भरीत-भाकरी मात्र पहाटे घरीच उरकून निघा.

स्पष्टवक्ता_७
राग येईल पण बोलतोच. अमेरिकेत राहायचं, हजारो डॉलर घालून डिस्नेला जायचं आणि रांगेत उभं राहून दशम्या खायच्या, हे मला कधी कळलंच नाही. मुलीला टर्की खाऊ द्या, सासूबाईंना एक गुरुवार सोडू द्या, देव काय हजेरी घेत नाही. आमच्या घरी सगळे सगळं खातात, कुणाला काही झालं नाही.

गवती_चहा
@स्पष्टवक्ता_७, तिने क्रमांक ४ वर भांडू नका म्हटलंय, तुम्ही ३ वरच सुरू झालात, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या नियम मोडला नाहीत 😀

पण मला एक गंमत सांगायचीय. मी दरवर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीकडे थँक्सगिव्हिंगला जाते. पहिल्या वर्षी टेबल बघून मला हसूच आलं. मॅश्ड पोटॅटो म्हणजे बटाटा, कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) म्हणजे रताळी, पाय (सारण भरून भाजलेली गोड पारी) म्हणजे लाल भोपळा, वर भाजलेले दाणे-बिणे. टर्की आणि स्टफिंग (तिच्यात भरायचं पावाचं सारण) उचलून बाजूला ठेवलं तर निम्मं ताट उपासाचं! आणि उलटं बघा, आपल्या उपासाच्या ताटातलं बटाटा, रताळं, शेंगदाणा, राजगिरा, हिरवी मिरची, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा करतात तो कसावा, हे सगळं मुळात अमेरिका खंडातलं. कोलंबसानंतर जहाजांतून आपल्याकडे आलेलं. वरी तेवढी आपली. म्हणजे आपल्या आज्या पिढ्यानपिढ्या अमेरिकन जेवण जेवून उपास करतायत आणि आपण इथे येऊन विचारतोय की साबा काय खातील.

कोकणी_फणस
@गवती_चहा, मिरची पण?? आता आईला फोन करून सांगतो, उपासाच्या मिरचीवरून आमच्याकडे आधीच दोन तट आहेत.

चहाटळ_बाई
गवती, थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर शाकाहारी माणसाने जरा जपून हो. त्या रताळ्यावर मार्शमेलो असतात, त्यात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. स्टफिंग बहुतेक वेळा चिकनच्या पाण्यात भिजवलेलं. पायच्या पारीत कधीकधी डुकराची चरबी. ग्रीन बीन्स दिसतात साध्या पण खाली बेकनचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, तुकडे निघतात. ती ग्रीन बीन कॅसरोल पण काही आजीची पारंपरिक वगैरे नाही बरं का, १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या किचनमध्ये तयार झालेली रेसिपी आहे, सूपचे डबे खपावेत म्हणून. सत्तर वर्षांत ती "आमच्याकडे पूर्वीपासून असते" अशी झाली. पावभाजीला पण होईल.

बेरी_खाणारा
मी लॉस एंजेलिसजवळ राहतो त्यामुळे ऑरलँडोचं काही सांगू शकत नाही, पण धाग्यात जेवण आणि पार्क दोन्ही आलंय तर इथलं नॉट्स बेरी फार्म हे पार्क सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्यूना पार्क नावाच्या गावात वॉल्टर आणि कॉर्डेलिया नॉट हे शेतकरी जोडपं रस्त्याच्या कडेला बेरी, जॅम, पाय विकायचं. बॉयझनबेरी ही बेरीची जातच नाहीशी व्हायला आली होती, ती त्यांनी जगवली आणि विकली. मंदीचे दिवस, १९३४ साल, पैशाची ओढाताण, म्हणून कॉर्डेलियाबाईंनी तळलेल्या चिकनचं जेवण द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आठ जेवणं वाढली, ६५ सेंटला एक, आणि प्लेटा कुठल्या तर स्वतःच्या लग्नात आलेल्या ठेवणीतल्या चिनी मातीच्या! मग गर्दी एवढी वाढली की लोक तासन् तास ताटकळायला लागले. तर या थांबलेल्या लोकांना बघायला काहीतरी हवं म्हणून वॉल्टरने १९४० मध्ये जुन्या पश्चिमेतलं गाव, घोस्ट टाउन, बांधायला घेतलं. त्यातून पुढे अख्खं थीम पार्क झालं.

म्हणजे डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडायच्या कितीतरी आधी हा माणूस पंगतीची दुसरी पाळी रमवत होता. बायकोच्या हाताला चव होती म्हणून नवऱ्याला रोलर कोस्टर बांधावे लागले असं मी आमच्या घरी सांगतो. बायको म्हणते तू निदान टेबल पुसत जा.

इंडियानाचे_अप्पा
वा बेरीशेठ. आता आमचं ऐका. आमच्या राज्यात सांता क्लॉज नावाचं गाव आहे, खरंच तेच नाव आहे, जगभरातून मुलांची पत्रं तिथल्या पोस्टात येतात. तिथे १९४६ मध्ये सांता क्लॉज लँड सुरू झालं, आता त्याला हॉलिडे वर्ल्ड म्हणतात. पार्काचे भाग सणांचे आहेत, ख्रिसमस, हॅलोवीन, फोर्थ ऑफ जुलै आणि चक्क थँक्सगिव्हिंग! त्या भागात टर्कीच्या मागे धावायची राइड आहे, टर्कीचं जेवण पण मिळतं, द व्हॉयेज नावाचा लाकडी कोस्टर तिथलाच, ज्यावर मी २००९ साली बसलो आणि अजून मान धरून आहे. सोडा, सरबत २००० सालापासून फुकट, हवं तेवढं प्या. सनस्क्रीन फुकट, पार्किंग फुकट. आपल्या लोकांना अजून पत्ता कसा लागला नाही कळत नाही. पण नोव्हेंबरात बंद असतं, त्यामुळे थँक्सगिव्हिंगचं जेवण जुलैत जेवावं लागतं.

सातवी_ब
हे वाचून शाळेची सहल आठवली. मुंबईजवळच्या एका पार्कात गेलो होतो, गेटवर सगळ्यांचे डबे काढून ठेवले. पन्नास पोरांच्या पुरी-भाज्या एका टेबलावर. बाईंनी काहीतरी वाद घातला आणि शेवटी सगळे बाहेर बसमध्ये जाऊन जेवून आलो, त्यात तास गेला. राइड कुठल्या केल्या ते आज एक आठवत नाही, पण बसमध्ये एका मैत्रिणीच्या डब्यातली बटाट्याची भाजी पार सीटवर सांडलेली आठवते. हळदीचा डाग.

गवती_चहा
घटाचं: हॉटेलात ज्योत लावू नका, अलार्म वाजला की अख्खं हॉटेल जिन्यावरून खाली. बॅटरीचा दिवा लावा. नारळ आणि तांब्याची लोटी चेक-इन बॅगेत. पोथी साबांची पाठ असेलच.

आणि हे तुमच्याच बाबतीत होतंय असं समजू नका, थँक्सगिव्हिंग कायमच गुरुवारी, १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरलेला. मार्गशीर्ष लवकर लागला की गाठ पडणारच. २०२२ मध्ये पण २४ तारखेला पहिला गुरुवार नि थँक्सगिव्हिंग एकच होते, तेव्हा माझी आई इथे होती. मी तिला म्हटलं हे लोक पण आज आभाराचा गुरुवार करतात, तर म्हणाली, मग सकाळपासून खातायत का?

स्पष्टवक्ता_७
बरं बरं. माझा आधीचा सूर जरा चढा होता. उपयोगी काहीतरी देतो. डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कात लिबर्टी ट्री टॅव्हर्न म्हणून रेस्टॉरंट आहे, तिथे थँक्सगिव्हिंगसारखंच जेवण वर्षभर असतं, भाजलेली टर्की, स्टफिंग, मॅश्ड पोटॅटो. मांस न खाणाऱ्यांसाठी पण वेगळं देतात. मुलीला तिथे न्या. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं म्हणजे तुमचं हुकलंय, पण लोक आयत्या वेळी कॅन्सल करतात, अ‍ॅप रोज रात्री बघत राहा. शुक्रवारचं घ्या म्हणजे गुरुवार तुमच्या सासूबाईंचा.

आणि सासऱ्यांना डिस्नेच्याच अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटला न्या. नान, कुलचा, पनीर पराठा आणि सोबत नऊ प्रकारच्या चटण्या-लोणची-रायती असं ताट मिळतं, आणि खिडकीबाहेर जिराफ.

चहाटळ_बाई
@स्पष्टवक्ता_७ तुम्हाला सगळे मेनू पाठ आहेत, आणि आम्हाला दशम्यांवरून बोलता होय 😏

स्पष्टवक्ता_७
दशम्या मला आवडतात. करणारं कुणी नाही.

कोकणी_फणस
पत्ता द्या, पाठवतो.

उन्हाळी_झाड
मंडळी, परत आले! उशीर झाला त्याबद्दल सॉरी, आल्यावर चार दिवस कपडे धुण्यात गेले. तुमच्या सगळ्यांच्या सूचना साबांना वाचून दाखवल्या होत्या, अमेरिकन उपासाची त्यांना एवढी गंमत वाटली की त्या मग स्वतःच बॅग भरायला लागल्या. घरी राहण्याचा विषय परत निघाला नाही.

बुधवारी पहाटे चार वाजता भरीत-भाकरीचा नैवेद्य, पाचला टॅक्सी. गाडीत सगळ्यांच्या अंगाला भाजलेल्या वांग्याचा वास, ड्रायव्हरने काच थोडी खाली केली, काही बोलला नाही बिचारा.

गुरुवारी सकाळी पंचाईत झाली ती पानांची. घटाला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात, ते मी विसरलेच होते. साबु मफलर गुंडाळून (बाहेर एवढी थंडी नव्हती) सहा वाजता पार्किंग लॉटमध्ये गेले आणि पाच वेगवेगळ्या झुडपांची पानं तोडून आणली. मागोमाग हॉटेलचा सिक्युरिटीवाला. नवऱ्याने त्याला काय समजावलं देव जाणे, तो शेवटी "हॅपी थँक्सगिव्हिंग सर" म्हणून गेला. घट मायक्रोवेव्हच्या शेजारी मांडला. बॅटरीचा दिवा आमचा सारखा रंग बदलणारा निघाला, लाल-हिरवा-निळा, लेकीने निवडला होता. साबांनी दोन मिनिटं बघितलं नि म्हणाल्या, असू दे, देवीला पण पार्कात आल्यासारखं वाटेल.

मग मॅजिक किंगडम. गर्दी म्हणजे काय सांगू, दादर स्टेशन संध्याकाळी सात वाजता, फक्त सगळ्यांच्या डोक्यावर कान. गेटवर डबा उघडून बघितला, लाडू बघून तिथल्या बाईने विचारलं हे काय, लेक म्हणाली ग्रॅनोला. मी काही बोलले नाही. खरं तर बरोबरच आहे.

दुपारी उन्हात साबांना जरा गरगरलं, तेव्हा डोल व्हिप घेतलं, ते अननसाचं थंडगार असतं ना ते. आता उपासाला चालतं का यावर तिथे बाकावर बसून चर्चा. त्यात दूध नाही म्हणतात, अननसाचंच आहे, पण बाकी काय घालतात ते कोण बघतंय. साबांनी निकाल दिला, फळच आहे, आणि दुसरं मागवलं.

राइडचं म्हणाल तर स्पेस माउंटन या रोलर कोस्टरला ४४ इंच उंची लागते, लेक भरली, नवरा आणि ती तिकडे, आम्ही तिघं बसून करायच्या राइडना. साबुंना सगळ्यात काय आवडलं असेल? कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जत्रेसाठी बनवलेलं ते जुनं गोल थिएटर, एसी, बसायला खुर्ची, आपण बसतो आणि थिएटर फिरतं. एकाच कुटुंबाच्या घरातले वेगवेगळे काळ दाखवतात, शेवटी ख्रिसमस, आणि आवाजावर चालणाऱ्या ओव्हनच्या गोंधळात त्यांची टर्की करपते. साबु एवढे हसले की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. बाहेर आल्यावर म्हणतात, बघ, यांच्याकडे पण शेवटी बाहेरूनच मागवायची वेळ येणार. परत आत गेले. दोनदा पाहिलं.

संध्याकाळी रूमवर नैवेद्य, छोट्या कुकरमध्ये वरणभात आणि मायक्रोवेव्हमधला शिरा. गाठी झाल्या होत्या. साबांनी वर केळं कुस्करून त्या लपवल्या.

शुक्रवारी टर्की! स्पष्टवक्ता, तुमच्यामुळे, रात्री साडेअकराला अ‍ॅपवर चौघांचं कॅन्सल झालेलं टेबल मिळालं. चौघांचं, आणि आम्ही पाच. साबु म्हणाले मी बाहेर बाकावर बसतो, आणि ते खरंच बसले, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन, परेड बघत. साबा मात्र आत आल्या. मला वाटलं होतं त्या बाहेर थांबतील. आत येऊन लेकीच्या समोरच बसल्या, स्वतःपुरता मॅश्ड पोटॅटो बघत होत्या, पण त्यात काय घातलंय ते कळेना म्हणून नुसता पाव खाल्ला. लेकीने टर्की खाल्ली, नवऱ्याच्या वाटची पण थोडी, आणि आवडली तिला, खोटं कशाला सांगू. मला आतून वाटत होतं की नाही आवडणार. साबा बघत होत्या. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, हात धू आणि मग माझ्याजवळ ये, बोटांना तूप लागलंय.

सनाचं शनिवारी झालं. साबु चटण्या मोजत होते, नऊ भरल्या, मग वेटरला विचारलं दहावी काय होती. जिराफाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

चहाटळ_बाई
"लेक म्हणाली ग्रॅनोला" 😂😂 हिला वकील करा.

इंडियानाचे_अप्पा
साबुंना जुलैत आमच्याकडे पाठवा. फुकट सरबत आहे, गप्पा मारत बसू.

बेरी_खाणारा
पुढच्या वर्षी थँक्सगिव्हिंगला पावभाजी की टर्की?

उन्हाळी_झाड
@बेरी_खाणारा, विचारलं मी. लेक म्हणाली पावभाजीच, टर्की तिथे खायची असते. म्हणजे आता दरवर्षी ऑरलँडो का काय? नवरा डिशवॉशर लावत होता, हं म्हणाला.

कोकणी_फणस
रताळी तिथे कशी उकडलीस? रूममध्ये गॅस नसेल ना.

उन्हाळी_झाड
मायक्रोवेव्हमध्ये. काट्याने सगळीकडून भोकं पाडायची, ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळायची, मध्यम असेल तर पाच-सहा मिनिटं. भोकं पाडायला विसरू नका, आम्ही पहिल्याच्या वेळी विसरलो आणि घट शेजारीच होता.